कोऱ्या कागदाचे उत्तर : मराठी पत्रव्यवहार आणि त्याचे सामाजिक उपयोग

मागील घटकात आपण बखर या गद्यप्रकाराचा परिचय करून घेतला. बखर ही घटना घडून गेल्यानंतर, बहुधा कोणाच्या तरी आज्ञेवरून, लिहिली जाते. पत्राचे तसे नसते. लिहिणाऱ्याला उद्या काय होणार हे ठाऊक नसते, म्हणून त्याच्या लेखनात भीती, घाई, आर्जव, रुसवा हे सारे ताजे असते. मराठी गद्याचा अभ्यास करताना पत्रांकडे केवळ 'इतिहासाची साधने' म्हणून पाहण्याची आपल्याला सवय झाली आहे. प्रस्तुत घटकात आपण त्यांच्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहणार आहोत. पत्र समाजात कोणते काम करीत होते, ते कोण लिहीत होते, आणि त्यात कोणाला कोणत्या नावाने हाक मारली जात होती, हे आपले मुख्य प्रश्न आहेत.

कोरे पत्र

आरंभासाठी फार दूर जावे लागत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील बेलापूर हे गाव प्रवरेच्या काठी आहे. येथून प्रवाहाबरोबर खाली गेले की नेवासे लागते. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, तेथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. बेलापूरच्या रेल्वेस्थानकावरून मनमाडच्या दिशेने गेल्यास गोदावरीकाठचे पुणतांबे येते. तेथे चांगदेवांची समाधी आहे. या दोन नावांना जोडणारी जी कथा महाराष्ट्राच्या घराघरांत सांगितली जाते, ती एका पत्राची कथा आहे.

योगसामर्थ्याने चौदाशे वर्षे जगलेल्या चांगदेवांनी ज्ञानदेवांची कीर्ती ऐकली आणि भेटीपूर्वी पत्र पाठवावे असे ठरविले. कागद पुढे घेतला आणि पहिल्याच शब्दाला हात अडला. 'चिरंजीव' लिहावे, तर ज्ञानाने हा मोठा. 'तीर्थरूप' लिहावे, तर वयाने हा पोर. निर्णय होईना, तेव्हा त्यांनी कागद कोराच पाठविला. तो पाहून मुक्ताबाईंनी इतकी वर्षे जगूनही हा कोराच राहिल्याचा शेरा मारला. निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचे उत्तर लिहिले. तीच 'चांगदेव पासष्टी'. पत्रारंभी लिहिण्याच्या 'स्वस्ति' या मंगलशब्दानेच तिचा प्रारंभ होतो, ही गोष्ट अभ्यासकाने नोंदवून ठेवावी. अद्वैताचे एवढे सूक्ष्म प्रतिपादन करणारी ही रचना बाह्यरूपाने एक पत्रोत्तर आहे.

कीर्तनकार ही कथा अहंकाराच्या गळतीची म्हणून सांगतात आणि ते योग्यच आहे. पण पत्रलेखनाचा अभ्यास करणाऱ्याला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. चांगदेवांची अडचण मजकुराची नव्हती, मायन्याची होती. समोरच्याचे आणि आपले नाते ठरल्याखेरीज आपल्या पत्रपद्धतीत पहिला शब्दच लिहिता येत नव्हता. ही कथा शतकानुशतके ज्या श्रोत्यांपुढे सांगितली गेली, त्यांना चांगदेवांची पंचाईत स्पष्ट करून सांगावी लागली नाही, कारण ती पंचाईत त्यांच्या रोजच्या व्यवहारातील होती.

मायना : नात्याचे व्याकरण

मायना म्हणजे पत्राच्या आरंभीचा ठरीव संबोधनभाग. अठराव्या शतकातील मराठी पत्र उघडले की वर 'श्री' अथवा कुलदैवताचे नाव असते. त्यानंतर ज्याला लिहिले त्याचा मायना. वडिलांना 'तीर्थरूप', आईला 'मातुश्री', धाकट्यांना 'चिरंजीव', विद्वान ब्राह्मणाला 'वेदशास्त्रसंपन्न', प्रतिष्ठिताला 'राजमान्य राजश्री', आणि सरदारासारख्या मोठ्या माणसाला 'अखंडित लक्ष्मी अलंकृत' अशी भारदस्त जोड. पुढे धाकटा 'साष्टांग नमस्कार' लिही, वडील 'आशीर्वाद' लिही, बरोबरीचा 'विनंती उपरी' लिही. मग 'येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहीत जावे' आणि त्यानंतर मूळ मजकूर. शेवटही तसाच ठरलेला. बरोबरीच्याला 'बहुत काय लिहिणे, लोभ असो द्यावा', तर सरकारातून खालच्या अधिकाऱ्याला नुसते 'जाणिजे'. पत्राचा पहिला आणि शेवटचा शब्द पाहिला की मधला मजकूर न वाचताही दोघांची पायरी कळते.

ही पायरी चुकली तर काय होई? अधिक मान दिला तर लाचारी दिसे, कमी दिला तर अपमान होई, आणि दरबारी व्यवहारात अपमान ही खाजगी बाब राहत नसे. म्हणूनच मायन्यांचे नमुने लिहून ठेवण्याची आणि ते नवशिक्या कारकुनांकडून घटवून घेण्याची गरज भासली. पत्रे बहुतांशी मोडीत लिहिली जात. कागदावर आधी ओळी आखायच्या आणि त्यांना अक्षरे लटकवीत, बोरू शक्यतो न उचलता, शब्दांत अंतर न सोडता लिहीत जायचे, अशी तिची रीत. परंपरेने या लिपीचे श्रेय यादवांचा मंत्री हेमाद्री अथवा हेमाडपंत याला दिले जाते.

हे केवळ आपल्याकडेच होते असे नाही. युरोपच्या आरंभीच्या मध्ययुगात, साधारणपणे सहाव्या ते दहाव्या शतकांत, रोमन साम्राज्याची व्यवस्था मोडल्यावर लिहिता येणारी माणसे मुख्यतः मठांत आणि राजांच्या कचेऱ्यांत उरली. त्या काळात मार्कुल्फ नावाच्या एका भिक्षूने सातव्या शतकात नमुन्यांचा एक संग्रह तयार केला. दानपत्र कसे लिहावे, राजाला कसे लिहावे, एका धर्माधिकाऱ्याने दुसऱ्याला कसे लिहावे याचे साचे त्यात आहेत, आणि नावाच्या जागी 'अमुक' असे घातले आहे. आपल्या दप्तरी कारकुनाला तो ग्रंथ दिला असता तर भाषा न कळताही त्याने त्याचा उपयोग ओळखला असता.

साच्यांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. ठरीव शब्दांत माणूस हरवतो, असे म्हणतात. यात तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे. पुष्कळदा साचा हाच निरोप असतो. प्रस्तुत लेखकाच्या लहानपणी आजी सांगे आणि आम्ही नातवंडे तिच्या लेकीला पोस्टकार्ड लिहीत असू. घरात आजारपण असो, विहीर आटलेली असो, 'येथील सर्व क्षेम आहे' हे वाक्य ती प्रथम लिहवून घेई. ते खोटे आहे असे एकदा म्हटल्यावर ती म्हणाली, "तिला वाचायला तर लागू दे." अठराव्या शतकातील 'येथील कुशल' वाचतानाही हे ध्यानात ठेवावे. ते वाक्य परिस्थितीचे वर्णन करीत नाही, ऐकणाऱ्याला खाली बसविते.

येथे थोडे थांबा. आपण आज मोबाइलवर वरिष्ठ अधिकाऱ्याला, मित्राला आणि सासऱ्यांना संदेश पाठविताना पहिला शब्द कोणता लिहिता? तिघांसाठी लिहिलेला प्रत्येकी एक खरा संदेश वहीत उतरवून काढा आणि मगच पुढील भाग वाचा.

पत्र कोण नेई, आणि तोंडी काय सांगे

पत्र म्हणजे कागद असे आपण समजतो. त्या काळी पत्र म्हणजे कागद आणि माणूस अशी जोडी होती. जासूद बहुधा दोघे मिळून जात, म्हणून कागदपत्रांत 'जासूद जोडी' हा शब्द वारंवार येतो. शिवाय सांडणीस्वार असत आणि मजुरी ठरवून पत्र नेणारे अजूरदार असत. पोचलेल्या पत्रावर 'पैवस्ती' म्हणून पोचल्याची तारीख नोंदविली जाई. आज संशोधकाला बातमी किती दिवसांत कोठे गेली हे कळते ते या छोट्या नोंदीमुळे.

वाटेत पत्र पकडले जाण्याचे भय कायमचे. त्यामुळे नाजूक मजकूर कागदावर येतच नसे. 'सविस्तर मुखवचने सांगतील' अशा अर्थाचे वाक्य लिहून मुख्य गोष्ट माणसाच्या तोंडी दिली जाई. अशा पत्राचा अभ्यास करताना आपल्या हाती अर्धेच संभाषण आहे याचे भान ठेवावे. युरोपातही हेच होते. पत्र नेणारा भिक्षू अथवा सेवक विश्वासू असणे हीच पत्राची खरी मोहोर होती. नवव्या शतकातील फेरिएर मठाचा प्रमुख ल्यूपस याने एकाला ग्रंथ पाठविण्यास नकार दिला, आणि कारण असे दिले की ग्रंथ एवढा मोठा आहे की तो अंगरख्यात वा झोळीत लपवता येणार नाही, वाटेत चोर गाठतील. पत्राबरोबर भेटी पाठविण्याचीही तेथे रीत होती. आठव्या शतकातील धर्मोपदेशक बोनिफेस आणि त्याच्या परिवाराच्या पत्रव्यवहारात मिरी, दालचिनी, चांदीची लेखणी अशा भेटींचे उल्लेख येतात. ती मिरी मूळची आपल्याच मलबारकडची. संक्रांतीच्या पत्रात तिळगूळ आणि दसऱ्याच्या पत्रात आपट्याचे पान घालणाऱ्या आपल्या समाजाला या प्रथेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

सांकेतिक लेखनाचे सर्वांत प्रसिद्ध मराठी उदाहरण पानिपतचे. १४ जानेवारी १७६१ च्या संहारानंतर, उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती वाटेत एका सावकारी जासुदाचे पत्र लागले, असे इतिहासात नमूद आहे. त्यात मोती, मोहरा, रुपये आणि खुर्दा यांच्या हानीच्या भाषेत मोठ्या सरदारांच्या आणि असंख्य शिपायांच्या मृत्यूची बातमी दिली होती. येथे लक्ष द्यावे ते या गोष्टीकडे की राज्याच्या प्रमुखाला आपल्या मुलाच्या आणि भावाच्या मृत्यूची वार्ता सरकारी डाकेआधी सावकारांच्या पत्रातून कळली. बातमीवर ज्यांचा पैसा अवलंबून असतो त्यांची पत्रे वेगाने धावतात. हुंडी हेही एक पत्रच होते, आणि तिचा मान राखला जाणे हे सावकाराच्या अब्रूचे काम होते.

कर्जाचा विषय निघाला म्हणून सांगावे लागते की पहिल्या बाजीरावांसारखा विजयी पुरुष धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिताना कर्जाच्या ओझ्याने अगदी रडकुंडीस आलेला दिसतो. सावकारांच्या पाया पडून पडून कपाळ झिजल्याची तक्रार तो करतो. रणांगणावरील चित्रांत हा बाजीराव आढळत नाही. तो पत्रातच भेटतो.

ज्यांना लिहिता येत नव्हते

आता अधिक कठीण प्रश्नाकडे वळू. अठराव्या शतकातील बहुसंख्य मराठी माणसांना लिहिता येत नव्हते. म्हणून त्यांचा पत्राशी संबंधच आला नाही असे मानणे चूक ठरेल. गावात कुलकर्णी होता आणि गावाचे लेखन त्याच्या बोरूतून होत असे. वतनाचा तंटा लागला, महजर झाला, तर त्यावर गावातील निरनिराळ्या जातींच्या माणसांच्या साक्षी घातल्या जात. नावे कुलकर्णी लिही आणि प्रत्येकजण आपल्या धंद्याची निशाणी करी. पाटलाचा नांगर, सुताराचे किंकरे, न्हाव्याचा आरसा. ही चित्रे पाहताना मन थबकते. अक्षर येत नसले तरी आपल्या हत्याराने सही करण्याचा अधिकार त्या माणसाला होता. आणि त्याच वेळी, वर काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नव्हते. लिहिणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता होती, हे त्या निशाण्यांवरून कळते.

या सत्तेविषयीचा लोकांचा संशय एका आख्यायिकेत साठला आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आनंदीबाईंनी पत्रातील 'धरावे' या शब्दाच्या 'ध' चा 'मा' केला, अशी कथा तेव्हापासून रूढ आहे. ऐतिहासिक पुराव्याने ती सिद्ध झालेली नाही. परंतु समाजाने या घटनेचे मूळ एका अक्षराच्या फेरफारात शोधावे, तेही एका लिहिणाऱ्या स्त्रीच्या हातून झालेल्या, ही बाब अर्थपूर्ण आहे. लेखणीची भीती आणि लेखणी धरणाऱ्या बाईची भीती येथे एकत्र आली आहे.

वास्तविक त्या काळातील राजघराण्यांतील स्त्रियांचा पत्रव्यवहार विपुल आहे. याच जिल्ह्यातील चौंडी येथे १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर यांचा कारभार महेश्वरहून चाले, आणि तेथील घडामोडी पुण्यास कळविणारी पत्रे 'महेश्वर दरबारची बातमीपत्रे' या नावाने पुढे प्रसिद्ध झाली. नाशिकजवळ गंगापूर येथे राहणाऱ्या गोपिकाबाईंनी आपला नातू सवाई माधवराव याला दिनचर्येपासून वडीलधाऱ्यांशी कसे वागावे इथपर्यंतचा उपदेश लिहून पाठविला. पेशवा त्या वेळी बालवयात होता आणि कारभार दुसऱ्यांच्या हाती होता. हे वाचताना फ्रँक राज्यातील दुओडा या सरदारपत्नीची आठवण होते. तिचा मुलगा विल्यम सोळा वर्षांचा, राजाच्या दरबारी ठेवलेला. तिने ८४१ ते ८४३ या काळात त्याच्यासाठी उपदेशाचे एक छोटे पुस्तकच लिहिले, कारण त्याच्याजवळ जाणे तिच्या हाती नव्हते. दोघींच्या मध्ये साडेनऊशे वर्षे आणि दोन निराळ्या धर्मपरंपरा आहेत. सत्तेच्या जवळ असलेले पोर आणि सत्तेपासून लांब असलेली बाई, ही परिस्थिती मात्र तीच आहे.

सामान्य स्त्रीच्या वाट्याला पत्रात काय आले? एक मायना आला. सधवेला 'वज्रचुडेमंडित' अथवा 'अखंड सौभाग्यवती', विधवेला 'गंगाभागीरथी'. पुरुषाचा मायना त्याच्या वयाने, विद्येने, अधिकाराने बदले. स्त्रीचा मायना पती आहे की नाही यावर ठरे. 'गं. भा.' ही दोन अक्षरे विसाव्या शतकातही पाकिटांवर आणि लग्नपत्रिकांवर छापली जात होती. पाकीट हातात घेणाऱ्या प्रत्येकाला, टपालवाल्यालाही, तिचे वैधव्य आधी कळे आणि नाव नंतर. आदराच्या शब्दाने माणसाला बांधून ठेवता येते याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण आपल्या भाषेत क्वचित सापडेल. ही दोन अक्षरे गळाली, त्याची शोकसभा घेण्याचे कारण नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

याच अहिल्यानगर परिसरातील राहुरी तालुक्यात ताहराबाद हे गाव आहे. तेथील महिपती (१७१५–१७९०) यांच्याकडे कुळकर्णपण वंशपरंपरेने होते. पूजेत असताना जहागीरदाराच्या शिपायाने हटकून कचेरीत नेले, तेव्हा परत आल्यावर त्यांनी यापुढे लेखणी सरकारी कामासाठी धरणार नाही, संतांच्या चरित्रासाठीच धरीन, असा निश्चय केला, असे परंपरा सांगते. १७६२ मध्ये त्यांचा 'भक्तविजय' पूर्ण झाला आणि चांगदेव-ज्ञानदेव भेटीची कथाही त्यांच्या लेखणीने गावोगाव नेली. जन्मभर इतरांचे मायने लिहिणे ज्याचे वंशपरंपरागत काम, त्याच्याच हातून मायन्यापाशी अडलेल्या योग्याची गोष्ट लोकांपर्यंत पोचावी, हा योग मोठा गमतीचा आहे.

टपाल आले

पुढील बदल थोडक्यात पाहू. १८५४ मध्ये अंतराचा विचार न करता वजनावर आकारला जाणारा एकसारखा टपालदर सुरू झाला. १८७८ मध्ये दौंड–मनमाड लोहमार्ग खुला झाला आणि बेलापूरचे नाव रेल्वेस्थानकाला मिळाले. पुढे त्या स्थानकाभोवती श्रीरामपूर शहर वाढले. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. पत्र आता जासुदाच्या ओळखीचे राहिले नाही, आणि पाव आण्यात कोणालाही कोणालाही लिहिता येऊ लागले. उघड्या कार्डावरचा मजकूर मात्र वाटेत सर्वांना वाचता येई. लिहिता न येणाऱ्यांसाठी कुलकर्ण्याच्या जागी शाळामास्तर आणि टपालवाला आला. लग्नाच्या पत्राला कुंकू लागे, आणि मृत्यूची वार्ता सांगणारे कार्ड वाचून झाल्यावर घरात ठेवीत नसत, फाडून टाकीत. हळूहळू 'प्रिय' हा शब्द मायन्यात शिरला. पती-पत्नीने, स्त्री-पुरुष मित्रांनी एकमेकांना बरोबरीने लिहावे हे त्यामुळे शक्य झाले. कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांचा 'कुसुमानिल' हा पत्रसंग्रह या दृष्टीने अवश्य वाचावा.

न पाठविलेल्या पत्रांचाही एक ग्रंथ या जिल्ह्यात जन्मला. १९४२ ते १९४५ या काळात अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध असताना मौलाना अबुल कलाम आझाद यांनी आपले स्नेही हबीबुर रहमान खान शेरवानी यांना उद्देशून उर्दूत पत्रे लिहिली. ती टाकण्याची सोय नव्हती. लिहायची आणि ठेवून द्यायची. १९४६ मध्ये ती 'गुबार-ए-खातिर' या नावाने प्रसिद्ध झाली. चांगदेवांनी मजकूर न लिहिता पत्र पाठविले, आझादांनी पाठविता येत नसताना मजकूर लिहिला. दोहोंमध्ये ज्याला लिहायचे तो माणूस डोळ्यांसमोर होता.

उपक्रम

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यासाठी आणि पुढील खंडांसाठी ते गावोगाव हिंडले, जुन्या वाड्यांतील माळे आणि पेट्या त्यांनी धुंडाळल्या. त्यांना जे सापडले त्याहून कितीतरी अधिक वाळवीने खाल्ले, पुड्यांना गेले अथवा चुलीत गेले. आपल्यापैकी अनेकांच्या घरी मोडी कागद, जुनी पोस्टकार्डे किंवा आंतरदेशीय पत्रे असतील. त्यांपैकी एक निवडावे. मोडी वाचता येत नसेल तर जाणकाराकडून वाचून घ्यावे. मायना कोणता, पत्र कोणाच्या हातचे आणि कोणाच्या सांगण्यावरचे, पत्रात सांगितले काय आणि सांगण्याचे टाळले काय, घरातील कोणत्या व्यक्तीचा उल्लेख केवळ नात्याने आहे आणि कोणाचा नावाने, यांविषयी दोन पृष्ठे लिहावीत आणि संपर्कसत्राला येताना आणावीत. मूळ कागदावर शाईने खुणा करू नयेत, त्याला चिकटपट्टी लावू नये, आणि घडी ठिसूळ झाली असेल तर ती पुन्हा पुन्हा उघडू नये. आधी छायाचित्र काढून त्यावरूनच वाचन करावे.